रमण्यांतील दक्षिणा आणि विद्यापीठांतील संशोधनवृत्ति

विद्यापीठाचा पदवीदान समारंभ झाला कीं दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत पारितोषिकांची यादी येते. अमुक पदक अमुक विद्यार्थ्याला, अमुक शिष्यवृत्ति अमुक विद्यार्थिनीला. ज्या घरांतील मुलाचें किंवा मुलीचें नांव त्या यादींत असतें त्या घरीं पेढे वांटले जातात. बाकीचे लोक यादीवरून नजर फिरवितात आणि पान उलटतात. पदकांना ज्यांचीं नांवें दिलेलीं असतात तीं माणसें कोण होतीं, हा पैसा कोठून आला, आणि तो ज्यांच्या पदरीं पडला त्यांनीं पुढें काय केलें, ह्याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. वास्तविक ह्या रुक्ष यादींत महाराष्ट्राच्या विद्येचा दोनशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास सांठलेला आहे. विद्वत्तेचा गौरव कसा करावा, हा प्रश्न आपल्या समाजानें वेळोवेळीं निरनिराळ्या रीतीनें सोडविला; आणि ज्या ज्या वेळीं गौरवाची रीत बदलली त्या त्या वेळीं विद्येचें स्वरूपहि बदललें, हें मला आज आपणांस सांगावयाचें आहे.

ह्या कथेची सुरुवात विद्यापीठाच्या फार पूर्वीं, तळेगांवास होते. सेनापति खंडेराव दाभाडे श्रावणमासांत विद्वान् ब्राह्मणांना दक्षिणा वांटीत असत. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि त्यानंतर हा सोहळा पेशव्यांनीं पुण्यास आणला. पर्वतीच्या पायथ्याजवळ रमणा नांवाचें विस्तीर्ण आवार होतें. तेथें दूरदूरच्या प्रांतांतून वैदिक आणि शास्त्री जमत. नामांकित शास्त्र्यांपुढें त्यांची परीक्षा होई, आणि वेद, न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र ह्यांतील ज्याची त्याची गति पाहून दक्षिणा ठरे. पुढें पुढें परीक्षेचा भाग कमी होऊन दानाचा भाग वाढला आणि केवळ जातीच्या बळावर दक्षिणा घेणाऱ्यांची गर्दी झाली, हें खरें. तरी मूळच्या पद्धतीचें महत्त्व आपण विसरूं नये. पाठांतरानें जिवंत राहणारी विद्या त्या काळीं ह्याच आश्रयावर तगली.

मात्र ह्या गौरवांत एक उणीव होती. विद्वानानें जें पूर्वींच मिळविलें आहे त्याचा तो सत्कार होता. त्यानें नवें कांहीं शोधावें, नवें कांहीं लिहावें, अशी त्याच्याकडे मागणी नव्हती. जें आहे तें जसेंच्या तसें राखावें, एवढीच अपेक्षा. शिवाय रमण्याच्या दाराशीं येण्याचा अधिकार एकाच वर्णाला होता. ह्या दोन गोष्टी ध्यानांत ठेवल्या म्हणजे पुढील दीड शतकाचा झगडा कशासाठीं होता तें समजेल.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यांनीं दक्षिणा एकदम बंद केली नाहीं. विद्वद्वर्गाचा असंतोष ओढवून घेण्याची त्यांची इच्छा नव्हती. परंतु त्या पैशाचा कांहीं भाग त्यांनीं विद्यादानाकडे वळविला, आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबागवाड्यांत हिंदु कॉलेज सुरू झालें. आजच्या डेक्कन कॉलेजचें मूळ तें हेंच. दान घेणाऱ्याच्या हातीं जाणारा पैसा प्रथमच शिकविणाऱ्या संस्थेच्या हातीं गेला.

दुसरें पाऊल तरुण सुधारकांनीं टाकलें. १८४९ च्या सुमारास लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख आणि त्यांचे मित्र ह्यांनीं सरकारकडे अर्ज केला कीं, दक्षिणेच्या रकमेपैकीं कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांना पारितोषिक म्हणून द्यावा. आज आपणांस ही मागणी किती साधी वाटते! पण त्या वेळीं पुण्यांत तिनें मोठा क्षोभ उसळला. धर्मादायाचा पैसा प्राकृत भाषेंतील पुस्तकांना देणें म्हणजे अधर्म, असें जुन्या मंडळींना वाटलें. तरी मागणी मान्य झाली आणि १८५१ सालीं दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वांत आली. दक्षिणा हा शब्द तोच, निधि तोच; परंतु अर्थ पालटला. आतां विद्वानाला विचारलें जाऊं लागलें, ‘आपणांस काय येतें’ हें नव्हे, तर ‘आपण काय लिहून आणलें’ हें.

ह्या कमिटीच्या इतिहासांत दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारख्या आहेत. १८५५ सालीं जोतीराव फुले ह्यांनीं ‘तृतीय रत्न’ नांवाचें नाटक लिहून ह्या कमिटीकडे पाठविलें. अज्ञानी शेतकरी कुटुंब कसें नाडलें जातें आणि विद्या हाच त्याचा तिसरा डोळा कसा, हा त्याचा विषय. कमिटीनें तें नापसंत केलें. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, असें जोतीरावांनीं पुढें ‘गुलामगिरी’ ह्या १८७३ च्या ग्रंथांत लिहिलें आहे. हें नाटक छापून प्रसिद्ध व्हावयास १९७९ साल उजाडावें लागलें. एका पारितोषिकाच्या नकारानें एक ग्रंथ वाचकांपासून सव्वाशें वर्षें दूर राहिला. पारितोषिक देणाऱ्यांच्या हातीं केवढी सत्ता असते, आणि तिचा उपयोग न्यायानें झाला नाहीं तर भाषेची काय हानि होते, हें ह्यावरून कळतें.

आतां दुसरी गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूड गांवचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे व्यवसायानें शाळामास्तर. विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा त्यांनीं दिली होती. पदवी मात्र त्यांच्यापाशीं नव्हती. आपल्या पंचांगांचा आणि ज्योतिषाचा इतिहास लिहिणारास दक्षिणा प्राइज कमिटीनें पारितोषिक जाहीर केलें, आणि त्या निमित्तानें दीक्षितांनीं जुन्या पोथ्या मिळविणें, गणितें करून पाहणें, ग्रंथकारांचे काळ ठरविणें ह्या कामाला स्वतःस वाहून घेतलें. त्यांना पारितोषिक मिळालें. आणि १८९६ सालीं ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा त्यांचा थोर ग्रंथ मराठींत प्रसिद्ध झाला. वेदकाळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या आपल्या ज्योतिषाचा असा साधार इतिहास पूर्वीं कोणत्याहि भारतीय भाषेंत झाला नव्हता. त्याच वर्षीं रॉबर्ट स्यूएल ह्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनीं भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथहि काढला, आणि शिलालेखांच्या तिथि पडताळून पाहणारांना तो नित्याचा आधार झाला. दीक्षित १८९८ सालीं, पन्नाशी गांठण्यापूर्वींच वारले. कमिटीनें प्रश्न विचारला नसता तर हा ग्रंथ झाला असता कीं नाहीं, कोण सांगूं शकेल? एकच कमिटी, एका लेखकाला तिनें दार बंद केलें, दुसऱ्याकडून शतकाला पुरेल असें काम करवून घेतलें.

१८५७ च्या जुलै महिन्यांत मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. आरंभीं त्याचें काम परीक्षा घेण्याचें आणि पदव्या देण्याचें. शिकविण्याचें काम कॉलेजांत होई, आणि संशोधनासाठीं विद्यापीठांत स्वतंत्र जागा अशी नव्हती. ह्या उणीवेंत पुनः दक्षिणेचाच निधि कामास आला. त्यांतून ‘दक्षिणा फेलो’ नेमण्यांत येऊं लागले. हुशार विद्यार्थ्यानें कॉलेजांत राहावें, धाकट्या विद्यार्थ्यांना शिकवावें, आणि त्याबरोबर आपला अभ्यास वाढवावा, अशी ही योजना. १८६२ सालीं विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. ह्यांपैकीं रानडे आणि भांडारकर हे दोघेहि दक्षिणा फेलो होते. रमण्यांतील दक्षिणा पन्नास वर्षांच्या आंत कोठून कोठें आली, तें पाहावें.

रानड्यांच्या विद्यार्थिदशेंतील एक प्रसंग त्यांचे चरित्रकार सांगतात. एका निबंधांत त्यांनीं मराठेशाहीची ब्रिटिश राज्याशीं तुलना करून मराठ्यांच्या बाजूनें मत दिलें. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट ह्यांचा रानड्यांवर लोभ होता. तरी हें मत त्यांना रुचलें नाहीं आणि रानड्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद झाली. रानड्यांनीं तक्रार केली नाहीं. पण विषयहि सोडला नाहीं. १९०० सालीं मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि मराठ्यांच्या राज्याला केवळ लुटारूंचा उठाव मानणाऱ्या इतिहासकारांना त्यानें उत्तर दिलें. शिष्यवृत्ति देणारानें विद्यार्थ्याच्या मताचें मोल ठरवूं नये, हा धडा ह्या सहा महिन्यांनीं आपणांस दिला आहे.

भांडारकरांची कथा प्राध्यापकांच्या गौरवाविषयीं बरेंच कांहीं शिकविते. एल्फिन्स्टन कॉलेजांत त्यांनीं संस्कृतच्या प्राध्यापकाचें काम कित्येक वर्षें हंगामी म्हणून केलें. पण जागा कायम भरण्याची वेळ आली तेव्हां ती विलायतेहून आलेल्या पीटरसन साहेबांना मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत कायम प्राध्यापकपद भांडारकरांना मिळालें तें कीलहॉर्न स्वदेशीं परत गेल्यावर, १८८२ सालीं. मधल्या काळांत त्यांच्या विद्वत्तेला खरें व्यासपीठ कोणीं दिलें? विद्यापीठानें. डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या नांवें भाषाशास्त्रावरील व्याख्यानमाला सुरू झाली होती, आणि तिचीं व्याख्यानें १८७७ सालीं भांडारकरांनीं दिलीं. संस्कृतपासून पाली, प्राकृत, अपभ्रंश ह्या मार्गानें मराठी, हिंदी, गुजराथी ह्या भाषा कशा घडल्या, ह्याचें शास्त्रशुद्ध विवेचन भारतीय विद्वानानें केलेलें असें त्यापूर्वीं क्वचित्‌च कोणीं ऐकलें असेल. हीं व्याख्यानें पुस्तकरूपानें १९१४ सालीं निघालीं, तरी त्यांचें तेज कमी झालेलें नव्हतें. गटिंगेनच्या विद्यापीठानें १८८५ सालीं त्यांना सन्मान्य डॉक्टर केलें, आणि १८९३ सालीं ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु झाले. ज्या पदावर सरकारनें त्यांना वेळेवर बसविलें नाहीं त्याहून मोठें पद विद्वत्तेनें त्यांना मिळवून दिलें.

विद्यापीठाला द्रव्य कोणीं दिलें, हेंहि सांगितलें पाहिजे. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद ह्यांच्या देणगींतून राजाबाई मनोरा उभा राहिला, हें सर्वांना ठाऊक आहे. त्यांनीं कलकत्ता विद्यापीठालाहि दोन लाख रुपये दिले, ही गोष्ट मात्र फारशी आठवली जात नाहीं. त्या पैशांतून तेथें प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ति निघाली. १८९७ सालीं ती मिळविणारे विद्वान् म्हणजे जदुनाथ सरकार. त्या निमित्तानें केलेला अभ्यास १९०१ सालीं औरंगजेबकालीन हिंदुस्थानावरील ग्रंथाच्या रूपानें बाहेर आला. आणि त्याच वाटेनें पुढें जात त्यांनीं औरंगजेबाचा पांच खंडांचा इतिहास आणि शिवाजी महाराजांचें चरित्र लिहिलें. त्यांच्या मतांशीं आपले संशोधक पुष्कळदां भांडले. पण भांडण्यासाठीं त्यांना फारसी कागद वाचावे लागले, हाहि लाभच झाला. मुंबईच्या कापसाच्या पैशानें बंगालमध्यें पेरलेलें बीं महाराष्ट्राच्या इतिहासांत उगवलें, असेंच म्हणावयाचें.

सर्व पारितोषिकें मात्र सारखीं नव्हेत. मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतमध्यें पहिला येणारास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळे. एके काळीं मराठी घरांत ह्या शिष्यवृत्तीची केवढी महती होती! १९१२ सालीं चिंतामणराव देशमुख ह्यांनीं ती मिळविली, आणि पुढें ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व देशाचे अर्थमंत्री झाले. अशा पारितोषिकानें हुशारी ओळखूं येते, मुलाला उत्तेजन मिळतें, आणि घरांत संस्कृतविषयीं आदर राहतो; हें कार्य थोडें नव्हे. पण गुणांवर मिळालेला मान गुणपत्रिकेबरोबरच संपतो. निबंधावर, व्याख्यानांवर, संशोधनावर मिळालेला मान माणसाच्या हातांत काम ठेवून जातो. हा भेद ज्यांच्या आयुष्यांत सर्वांत स्पष्ट दिसतो ते गृहस्थ म्हणजे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे.

काणे ह्यांचा जन्म १८८० सालीं कोंकणांत झाला. विद्यापीठाच्या परीक्षांत त्यांनीं संस्कृतचीं पारितोषिकें मिळविलीं, एम्. ए. झाले, आणि रत्नागिरीच्या शाळेंत शिक्षक म्हणून रुजू झाले. येथें पुष्कळांची विद्या थांबते. काण्यांची थांबली नाहीं, ह्याचें एक कारण विद्यापीठाचें मंडलीक सुवर्णपदक. विश्वनाथ नारायण मंडलीक हे मुंबईचे नामांकित वकील आणि संस्कृतज्ञ. त्यांच्या नांवाचें पदक मिळविण्यास प्रबंध लिहावा लागे. काण्यांनीं तें पदक दोनदां मिळविलें. एकदां महाभारत-रामायणांतील आचारनीतीवर लिहून आणि एकदां अलंकारशास्त्राच्या इतिहासावर लिहून. हा दुसरा निबंध कपाटांत पडून राहिला नाहीं. तो वाढत वाढत ‘साहित्यदर्पणा’च्या प्रस्तावनेंत गेला, आणि अखेरीस संस्कृत काव्यशास्त्राचा इतिहास म्हणून स्वतंत्र ग्रंथ झाला.

पुढें काणे शिक्षणखात्याची नोकरी सोडून १९११ पासून मुंबईच्या हायकोर्टांत वकिली करूं लागले. दिवसा कोर्ट आणि रात्रीं ग्रंथ. ह्या अवस्थेंतहि विद्यापीठानें त्यांचा धागा तुटूं दिला नाहीं. १९१३ सालीं त्यांनीं विल्सन व्याख्यानें दिलीं, म्हणजे भांडारकरांच्याच पीठावर ते उभे राहिले. नंतर विद्यापीठाची स्प्रिंगर संशोधनवृत्ति त्यांना मिळाली आणि तिच्या आधारें त्यांनीं महाराष्ट्राच्या प्राचीन भूगोलाचा शोध घेतला. मंडलीकांनीं १८८० सालीं नीलकंठाचा ‘व्यवहारमयूख’ प्रसिद्ध केला होता. मंडलीक पदकाचे मानकरी काणे ह्यांनीं त्याच ग्रंथाची नवी आवृत्ति १९२६ सालीं काढली. आणि तिच्यासाठीं धर्मशास्त्राची पूर्वपीठिका लिहावयास घेतां घेतां ती पीठिका प्रस्तावनेंत मावेना. त्यांतून ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ निर्माण झाला. पहिला खंड १९३० सालीं, शेवटचा १९६२ सालीं. पांच खंड आणि सुमारें साडेसहा हजार पृष्ठें. प्रकाशक कोण, तर भांडारकरांच्या नांवानें १९१७ सालीं पुण्यांत स्थापन झालेली प्राच्यविद्या संशोधन संस्था. १९४७ ते १९४९ काणे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु होते. १९५६ सालीं त्यांना साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें आणि १९६३ सालीं ‘भारतरत्न’. शेवटच्या गौरवाचीं वर्णनें सर्वत्र होतात. मला मात्र आरंभींचें तें पदक अधिक महत्त्वाचें वाटतें. कारण भारतरत्न मिळालें तेव्हां काणे ब्याऐंशी वर्षांचे होते आणि काम पुरें झालेलें होतें. पंचविशींतल्या शाळामास्तराला प्रबंध लिहावयास लावणारें पदकच ग्रंथाचें मूळ होय.

येथवर ऐकून आपणांस वाटेल कीं, ही व्यवस्था निर्दोष होती. तसें नव्हतें. रमण्याच्या दाराशीं जो प्रश्न होता तोच निराळ्या वेषांत विद्यापीठाच्या दाराशींहि उभा राहिला. मुंबई विद्यापीठाचे दरवाजे स्त्रियांना १८८३ सालीं खुले झाले. नाशिकास जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजांत शिकल्या आणि ह्या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. परीक्षेंत त्यांचें स्थान एवढें वरचें होतें कीं, विलायतेंत शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ति त्यांच्याकडे चालत यावयाची; परंतु ती स्त्रीला देतां येत नाहीं, असें सांगण्यांत आलें. पुढें कांहीं वर्षांनीं, १८९६ सालीं, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ सालीं सीनियर रँग्लर होऊन त्यांनीं साऱ्या देशाला धन्यता दिली. शिष्यवृत्ति योग्य हातीं पडली म्हणजे काय होतें हें परांजप्यांनीं दाखविलें. योग्य हात मागें सारला म्हणजे काय होतें हें सोराबजींनीं भोगलें. त्या १८८९ सालीं मित्रांनीं जमविलेल्या पैशावर ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ सालीं कायद्याची परीक्षा उतरल्या. पण तेथेंहि स्त्रियांना पदवी देण्याचा नियम नसल्यामुळें ती हातीं येण्यास १९२२ साल लागलें.

जातीच्या भिंतीची हकीकत ह्याहून कठीण आहे. भीमराव आंबेडकर १९१२ सालीं मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं दिलेल्या दरमहा पंचवीस रुपयांच्या आधारावर. १९१३ सालीं महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठांत गेले. येथें शिष्यवृत्तीचा आणखी एक गुणदोष दिसतो, तो मुदतीचा. अमेरिकेंतील अभ्यास उरकून ते लंडनला पोंचले, कामास लागले, आणि १९१७ सालीं शिष्यवृत्तीची मुदत संपली. काम अर्धें, पैसा संपलेला. त्यांना परत यावें लागलें. मग सिडनॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून शिल्लक टाकली, शाहू महाराजांचें साहाय्य मिळालें, मित्राकडून कर्ज घेतलें, तेव्हां १९२० सालीं ते पुनः लंडनला गेले आणि १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी. एस्‌सी. मिळाली. ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ १९२५ सालीं त्यांनीं सयाजीराव महाराजांना अर्पण केला. ही कृतज्ञता मोठी खरीच. परंतु एका संस्थानिकाच्या उदारतेवर अवलंबून राहावें लागलें, हेंहि त्या अर्पणपत्रिकेंत न लिहितां लिहिलेलें आहे. ज्यांना सयाजीराव भेटले नाहींत अशा किती बुद्धिमान् मुलांची नांवें आपणांस कधींच कळणार नाहींत!

दारें उघडण्याची ही चळवळ पुढें चालू राहिली, आणि तिचें फळ दोन स्त्रियांच्या आयुष्यांत पाहावयास मिळतें. मुंबई विद्यापीठांत १९१९ सालीं समाजशास्त्राचा विभाग निघाला, आणि १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये त्याचे प्रमुख होते. फर्ग्युसन कॉलेजांतून पदवीधर झालेल्या इरावतीबाई कर्वे १९२६ च्या सुमारास त्यांच्या हाताखालीं संशोधनास आल्या. त्यांना कोणती वृत्ति मिळाली होती? दक्षिणा फेलोशिप! श्रावणांत रमण्याच्या दारीं ज्या दक्षिणेसाठीं शास्त्री उभे राहत, तीच आतां एका तरुण स्त्रीला समाजाचें निरीक्षण करण्यासाठीं मिळत होती. १९२८ सालीं त्या एम्. ए. झाल्या, पुढें बर्लिनच्या विद्यापीठाच्या डॉक्टर झाल्या, आणि १९३९ सालीं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्यानें उघडलें तेव्हां तेथें अध्यापन करूं लागल्या. विश्रामबागवाड्यांतील त्या कॉलेजाची आणि त्या दक्षिणेची अशी पुनर्भेट झाली.

दुसऱ्या कमलाबाई भागवत, लग्नानंतरच्या सोहोनी. १९३३ सालीं त्या बी. एस्‌सी. च्या परीक्षेंत पहिल्या आल्या आणि बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत त्यांनीं अर्ज केला. संचालक चंद्रशेखर व्यंकट रामन् ह्यांनीं स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाई स्वतः तेथें गेल्या आणि प्रवेशाचा आग्रह धरून बसल्या. शेवटीं एक वर्षाच्या कसोटीवर प्रवेश मिळाला. काम पाहून रामन् ह्यांचें मत पालटलें, आणि पुढें तेथें मुलींना प्रवेश मिळूं लागला. १९३६ सालीं त्यांना एम्. एस्‌सी. मिळाली. नंतर मुंबई विद्यापीठाची स्प्रिंगर संशोधनवृत्ति आणि सर मंगळदास नथुभाई परदेशी शिष्यवृत्ति घेऊन त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हें श्वसनास लागणारें द्रव्य असतें, हें त्यांनीं तेथें दाखविलें. सुमारें चाळीस पानांचा लहानसा प्रबंध. पण त्यानें १९३९ सालीं विज्ञानांत पीएच्. डी. मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रीचा मान त्यांना दिला. काण्यांना महाराष्ट्राचा प्राचीन भूगोल शोधण्यास ज्या स्प्रिंगर वृत्तीनें हात दिला, तिनेंच कमलाबाईंना केंब्रिजची वाट दाखविली. पैसा तोच, विषय बदलला, माणूस बदललें, आणि दोन्ही वेळां तो सार्थकीं लागला.

कोणी विचारील, पारितोषिकाशिवाय संशोधन होत नाहीं काय? होतें. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे डेक्कन कॉलेजाचे पदवीधर. पण पदवीनंतर त्यांनीं विद्यापीठाकडे कधीं आशेनें पाहिलें नाहीं. गांवोगांव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरचीं दप्तरें सोडवून त्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले, आणि १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलें. असा पुरुष कोणत्याहि काळांत आपला मार्ग काढतो. परंतु समाजानें आपली व्यवस्था राजवाड्यांकडे पाहून आंखूं नये. हजारांत एखादाच तसा निघतो. बाकीच्या नवशें नव्व्याण्णवांना वेळ, ग्रंथ, मार्गदर्शन आणि दोन वेळचें जेवण लागतें. शिवाय राजवाड्यांसारख्यांच्या कष्टांचें कौतुक करतांना ते कष्ट त्यांना पडूं देणाऱ्या समाजाची जबाबदारी झांकली जाते, हेंहि विसरतां कामा नये.

ह्या सर्व इतिहासावरून मला एवढेंच म्हणावयाचें आहे. कोणत्याहि पदकाचा किंवा शिष्यवृत्तीचा मोठेपणा तिच्या रकमेवरून ठरवूं नये. ती मिळविणाराकडून काय मागते, हें प्रथम पाहावें; नवें काम मागत असेल तर ती जिवंत आहे. तिच्या दाराशीं कोणाला उभें राहतां येतें, हें दुसरें. घेतलेलें काम पुरें होईपर्यंत ती पुरते कीं नाहीं, हें तिसरें. आणि तिच्यासाठीं मत गहाण ठेवावें लागत नाहीं ना, हें चौथें. दाभाड्यांच्या दक्षिणेपासून स्प्रिंगर वृत्तीपर्यंत जें जें चांगलें झालें तें ह्या कसोट्यांस उतरलें म्हणून झालें. जें वाईट झालें तें त्यांतील एखादी ढळली म्हणून झालें.

ह्या कसोट्या विद्यापीठाच्या सभागृहाप्रमाणें आपल्या घरींहि लागू आहेत. मुलगा अथवा मुलगी पदक घेऊन घरीं आली कीं आपण पहिला प्रश्न ‘कितवा नंबर?’ असा विचारतों. त्याबरोबर दुसराहि एक प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्यावी: ‘आतां ह्यापुढें कशावर काम करणार?’ आणि त्या प्रश्नाचें उत्तर मिळाल्यावर त्या कामासाठीं मुलाला, विशेषतः मुलीला, चार-दोन वर्षांचा अवकाश देण्याची मनाची तयारी ठेवावी. राजाश्रय, देणग्या आणि विद्यापीठें आपापल्या परीनें वृत्त्या देतच असतात. परंतु त्या वृत्तीचें ग्रंथांत किंवा शोधांत रूपांतर व्हावयाचें तर ज्या घरांत तो विद्यार्थी राहतो त्या घरानेंहि त्याला थोडी दक्षिणा द्यावी लागते. ती पैशाची नसते, धीराची असते.